रेमीला बाकावर बसवून ठेवलं ती दुपार

ये गं ईरा, इकडे ये. अशी लांब नको बसूस, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं हे तुला माहीत आहे. आणि तो फोन आधी पालथा ठेव. गुरुग्रामहून फरीदाबाद असं किती लांब आहे, की आजीकडे यायला तुला दिवाळी लागते? गेल्या आठवड्यात फोन केलास तोही कामासाठीच. ऑफिसात भाषण द्यायचं आहे म्हणालीस, वेगवेगळ्या देशांतल्या वांशिक समतेवर. अमेरिका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, भारत. कुठं काय होतं, कुठं काय बदललं. आणि वर मला म्हणालीस, "आजी, इंडियाच्या कॉलममध्ये मी 'लागू नाही' लिहिलंय. आपल्याकडे जात आहे, पण रेस वगैरे नाही ना."

त्यावर सांगण्यासारखी एक गोष्ट माझ्याकडे आहे. फोनवर बोलायची गोष्ट नव्हती ती. म्हणून लिहून काढली. लिहायला मला कुणी शिकवलं नाही. ड्यूटी रिपोर्ट लिहिण्यात सारी नोकरी गेली, बाकी जशी बोलते तशीच लिहिते. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकात छापणार असतील तर छापू देत. पण आधी तू वाच.

मी आर्मीत नर्स होते. लोकांना वाटतं नर्स म्हणजे फौजेच्या दाराशी उभी असलेली बाई. तसं नसतं. आम्ही कमिशन्ड ऑफिसर. खांद्यावर तारे, जवान सॅल्यूट करतात, बदलीचा हुकूम आला की ट्रंक भरायची. ही गोष्ट घडली तेव्हा मी मेजर होते आणि दिल्ली छावणीतल्या हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्ड माझ्याकडे होता. नुकतं देशाचं दार उघडलं होतं. केबल टीव्ही आला होता, परदेशी गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या, आणि गुडगाव, तेव्हा गुडगावच म्हणायचे, सरसोंच्या शेतांतून वर उगवत होतं. आमच्या मेसच्या गच्चीवरून क्रेन दिसायच्या.

माझ्या हाताखाली कॅप्टन रेमपुई होती. मिझोरामची. सगळे रेमी म्हणायचे. वडील फौजेत हवालदार होते, तिकडच्याच एका पलटणीत. ठेंगणी, चपळ, हसली की डोळे मिटायचे. वॉर्डात तिचा आवाज कधी चढला नाही, पण जवान तिला माझ्यापेक्षा जास्त घाबरायचे. ड्यूटीवर मला मॅम म्हणायची. ड्यूटी संपली की ताई. हा शब्द तिला मीच शिकवला.

मी साताऱ्याची, रंगानं काळी. सावळी नव्हे गं, काळीच. मला बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन जायचे आणि निरोप पाठवायचे, मुलगी हुशार आहे, पण. त्या 'पण'नं मला फौजेत घातलं, त्याचे उपकार मानते. दिल्लीत लाजपतनगरच्या बाजारात दुकानदार मला हाक मारायचे, "आओ मद्रासी बहनजी." रेमीला म्हणायचे, "ए नेपाली," नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. एकदा मी चिडले. म्हटलं, मी साताऱ्याची आहे, मद्रासी काय म्हणतो हा?

रेमी पिशवी सावरत म्हणाली, "चलो ताई, आपको कम से कम इंडिया में तो रखा है."

आणि हसली. मीही हसले. तेव्हा हसलो खरं.

मेसच्या टीव्हीवर गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती लागायच्या. काळी मुलगी क्रीम लावते, गोरी होते, नोकरी मिळते. रेमी मला कोपरानं ढोसायची. "ताई, तुमचं क्रीमनं भागेल. माझ्या डोळ्यांचं काय करायचं?"

युनिफॉर्म अंगावर असला की यातलं काही नसायचं, हेही सांगायला हवं. वॉर्डात शीख होता, मराठा होता, गोरखा होता, तमिळ होता, आणि सगळ्यांना एकच बेडपॅन आणि एकच इंजेक्शन. फौजेत सगळं छान होतं असं मी म्हणत नाही. मागून बोलणारे तिथंही होते. पण खांद्यावरचे तारे बोलणाऱ्याचं तोंड बंद ठेवायचे. छावणीच्या गेटबाहेर तारे घालून कोण फिरतं?

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी आम्ही दोघी शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत होतो. पोर्तुगीज बोलणारा देश. त्यांचं घरातलं भांडण, म्हणजे यादवी युद्ध, संपलं होतं, सुरुंग मात्र जमिनीत तसेच होते. आमचं फील्ड हॉस्पिटल तंबूत. सकाळी पाणी उकळायचं, ड्रेसिंग करायचं, दुपारी धुळीत लसीकरण. आणि मध्येच रेडिओ खरखरायचा.

"मेडिकल, मेडिकल, वन कॅज्युअल्टी, माईन इन्जरी, सिव्हिलियन. ओव्हर."

"मेडिकल. सेंड इट. ओव्हर."

कोण आहे, कुठला आहे, हे विचारायचा रिवाज नव्हता. गंभीर असेल त्याच्या मनगटाला लाल चिठ्ठी, थांबू शकेल त्याला पिवळी, चालता येईल त्याला हिरवी. तंबूत रंग तेवढेच. नाव नंतर, गाव नंतर, कागद त्याच्याही नंतर. आमचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, म्हणायचे, "फर्स्ट स्टॉप द ब्लीडिंग, देन आस्क हिज नेम." रेमीच्या हातात ते इतकं मुरलेलं होतं, की तिला दुसरी काही पद्धत असू शकते हेच माहीत नव्हतं.

तिथं एका मदतसंस्थेची नर्स आमच्याबरोबर काम करायची. थांडी. दक्षिण आफ्रिकेतून आलेली, चांगली उंच, आवाज भरदार. तिच्या देशात नुकतंच काळ्या लोकांना पहिल्यांदा मत देता आलं होतं. ती रांगेत कशी उभी राहिली ते दर दोन दिवसांनी सांगायची आणि आम्ही दर दोन दिवसांनी ऐकायचो. एकदा संध्याकाळी तंबूबाहेर खोक्यांवर बसून आम्ही भात खात होतो, तेव्हा तिनं तिच्या आईची गोष्ट सांगितली. आईला गाडीनं उडवलं. ॲम्ब्युलन्स आली. पण ती गोऱ्यांची ॲम्ब्युलन्स होती. ड्रायव्हरनं खाली वाकून बघितलं, दार लावलं, आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला. दुसरी यायची वाट बघत आई रस्त्याच्या कडेला पडून राहिली. वाचली, पण पाय गेला.

रेमीनं चमचा खाली ठेवला. "रिकामी परत गेली?"

"रिकामी."

"पण गाडी तर आली होती ना?"

"आली होती."

"मग नेलं का नाही?"

थांडी मला म्हणाली, "हिला समजावून सांग." मी काय समजावणार? रेमीला ते डोक्यात शिरतच नव्हतं. ॲम्ब्युलन्स आली की पेशंट आत जातो. तिच्या लेखी यात तिसरं काही नव्हतंच. पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली. थांडी मग हसायला लागली, "तुझ्या देशात सगळे देवच राहतात वाटतं." रेमी म्हणाली, "देव नाहीत. पण असा कायदा नाही आमच्याकडे." अभिमानानं म्हणाली. मलाही अभिमान वाटला. आपल्या राज्यघटनेनं पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखं मानलंय, 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी आमच्याकडे कधी लागलीच नाही, असं मी थांडीला माझ्या मोडक्या इंग्रजीत ठासून सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती. म्हणाली, "लकी पीपल."

मुदत संपली, परत आलो. मी वॉर्डात, रेमीही वॉर्डात.

रेमीच्या धाकट्या भावाला, लालाला, गुडगावच्या एका नव्या हॉटेलात नोकरी लागली. अशी पोरं तेव्हा नुकती यायला लागली होती. इंग्रजी चांगलं, वागणं अदबीचं, हॉटेलवाल्यांना हवीच होती. नोकरी मिळाली, पण खोली मिळेना. घरमालक इंग्रजीत गोड बोलायचे आणि मग म्हणायचे, फॉरेनरला आम्ही देत नाही. कुणी म्हणायचं, तुमच्या स्वयंपाकाचा वास येतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात हाच वास चालायचा, बरं का. तर रेमी म्हणाली, मी बघून येते, मोठी बहीण आर्मीत ऑफिसर आहे म्हटल्यावर देतील. मंगळवार होता, तिचा ऑफ. फुलाफुलांचा कुर्ता आणि जीन्स घालून वॉर्डात डोकावली.

"मॅम, गुडगाव जा के आती हूँ. पाँच बजे तक."

"जेवलीस का?"

"वहाँ खा लूँगी."

"ऊन आहे, पाणी घेऊन जा."

"येस मॅम." आणि मला मुद्दाम कडक सॅल्यूट ठोकला, कुर्त्यावर. वॉर्डातला एक लान्स नाईक हसला, तर त्याच्यावर तिनं डोळे वटारले.

पुढचं मला सतपालनं सांगितलं. सतपाल रिक्षावाला. तो आमच्या हॉस्पिटलच्या गेटबाहेरच उभा असायचा, रेमीला त्यानं अनेकदा सोडलं होतं. गुडगावात शिरताना बांधकामाचं सामान भरलेला ट्रक वळला आणि रिक्षेला घासत गेला. रिक्षा उलटली. सतपालचा हात फाटला, रक्ताची धार लागली. रेमीला बाहेरून खरचटलंसुद्धा नव्हतं. लोखंडी दांडा पोटात बसला होता, डाव्या बाजूला. तिची पर्स उडून पडली, गर्दी जमली, आणि पर्स गेली. आयकार्ड त्यातच होतं.

गळ्यातली ओढणी फाडून तिनं आधी सतपालचा हात बांधला. मग दोघं दुसऱ्या रिक्षेनं जवळच्या नर्सिंग होममध्ये गेले. नवीन होतं, बाहेर काचा, आत एसी. नाव मी लिहीत नाही.

सतपालला लगेच आत घेतलं. रेमीला काउंटरवर थांबवलं. मधलं दार उघडंच होतं, आतून सतपालला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"पासपोर्ट?"

"पासपोर्ट नहीं है. मैं इंडियन हूँ. आर्मी में हूँ, कॅप्टन."

काउंटरवरच्या माणसानं तिच्या कुर्त्याकडे बघितलं. "कहाँ से हो मैडम?"

"मिज़ोरम."

"वो किधर है? चाइना साइड?"

"भैया, मैं नर्स हूँ. पेट में चोट है, अंदर ब्लीडिंग है. मेरा बीपी देखो पहले."

"देखेंगे मैडम, देखेंगे. ॲक्सिडेंट केस है, ऊपर से फॉरेनर का केस. पुलिस आएगी, एम्बेसी को बोलना पड़ेगा. आप बैठो. चोट तो दिख नहीं रही कहीं."

ती म्हणाली, फोन करा, माझ्या वॉर्डला करा. आणि तिनं नंबर सांगितला.

ईरा, आता ही एक गोष्ट नीट समजून घे. फौजेची टेलिफोन एक्सचेंज वेगळी असते. छावणीतल्या छावणीत आम्ही फक्त चार आकडे फिरवायचो. वॉर्ड, मेस, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, सगळं चार आकड्यांत. बाहेरून फोन करायचा तर वेगळा सिव्हिल नंबर, सात आकडी. तो आम्हाला लागायचाच नाही कधी. त्या दिवशी मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तर मीही चारच आकडे सांगितले असते. फौजी माणसाची चूकच ती. जगाला आपलीच एक्सचेंज आहे असं वाटतं आम्हाला.

तिनं चार आकडे सांगितले. त्या माणसानं लिहून घेतले आणि शेजारच्याला दाखवले. "चार नंबर का फोन! किस देश का है भाई ये?" दोघं हसले. दिल्लीचे नंबर सात आकडी असतात मॅडम, तुम्हाला आठवत नाही म्हणजे तुम्ही इथल्या नाहीच. तिनं पुन्हा तेच चार सांगितले. पुन्हा तेच. पोटात रक्त साठत असताना माणसाचं डोकं एवढंच चालतं. मग तिला भिंतीकडच्या बाकावर बसवलं.

सतपाल टाके घालून बाहेर आला तेव्हा ती तिथंच होती. पांढरी पडलेली, ओठ कोरडे, डावा खांदा धरून बसलेली. सतपाल काउंटरवर जाऊन भांडला. मला शिव्यांसकट सांगितलंन, त्या इथं लिहीत नाही. त्याला म्हणाले, तू आपलं बघ, तुझी मरहमपट्टी झाली ना? मग तो रेमीजवळ गेला. ती त्याला म्हणाली, "भैया, कॅन्ट जाओ. गेट पे बोलो, सर्जिकल वॉर्ड, जगदाळे मैडम."

तो ट्रॅक्टरवरून, टेम्पोवरून, काय मिळेल त्यावरून आला. आमच्या गेटवरच्या जवानानं मला चार आकडी नंबरावर फोन केला.

"मॅडम, एक ऑटोवाला आहे. म्हणतो कॅप्टन रेमपुई मॅडमचा ॲक्सिडेंट."

मी गेटवर धावले. सतपाल पट्टी बांधलेला हात छातीशी धरून उभा होता. पहिलं वाक्य हेच म्हणाला, "मैडम जी, मेरे को तो टाँके लगा दिए, उनको बैठा रखा है."

ड्यूटीवर कॅप्टन धिल्लन होता, सर्जन, वयानं रेमीएवढाच. मी एवढंच म्हटलं, "रेमी. ब्लंट ट्रॉमा, ॲब्डोमेन." पोटाला मुका मार म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. तो उठला. "ॲम्ब्युलन्स. दोन लाईन, प्लाझ्मा एक्स्पांडर. ओटी तयार ठेवा. ब्लड बँकेला सांगा, बी निगेटिव्ह." त्याला तिचा ग्रुप माहीत होता, कारण ती स्वतःच दर वेळी रक्त द्यायला उभी राहायची.

सतपाल पुढं ड्रायव्हरशेजारी बसला, रस्ता दाखवायला. 

आम्ही आत शिरलो तेव्हा माझ्या अंगावर युनिफॉर्म होता, धिल्लनच्या अंगावर होता. काउंटरवरचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला. आतून डॉक्टर आले. रेमी बाकावर आडवी झाली होती. मी नाडी धरली. सुतासारखी होती, धावत होती. बीपी लागेना.

ते डॉक्टर माझ्या मागं मागं येत होते. "मैडम, हमें पता होता आर्मी की हैं, तो..."

"उसने बताया था," मी म्हटलं.

"जी, लेकिन..."

"और आर्मी की नहीं होती तो?"

धिल्लन म्हणाला, "मॅम. लेटर. लिफ्ट." आम्ही उचललं.

ॲम्ब्युलन्समध्ये तिला शुद्ध होती. धिल्लननं एका हाताला लाईन टाकली, मी दुसऱ्या. शिरा सापडत नव्हत्या. ती त्याला म्हणाली, "सर, लेफ्ट शोल्डर पेन. स्प्लीन है." स्वतःचं निदान स्वतः केलं. बरोबर होतं. पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती तिची.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मैंने चार नंबर बोल दिए. सिविल नंबर याद ही नहीं आया. कितनी बेवकूफ हूँ."

मी म्हटलं, "मलाही नसता आला गं."

"लाला को मत बताना अभी. डर जाएगा."

"नाही सांगत."

"रूम भी नहीं मिला उसका."

त्यानंतर ती बोलली नाही. धौला कुआँच्या अलीकडे नाडी गेली. धिल्लन गुडघ्यांवर बसून छाती दाबत राहिला, ड्रायव्हरनं गाडी ओटीच्या दारापर्यंत नेली, आत सीनियर सर्जन हात धुऊन उभे होते. पोट उघडलं. सगळं केलं. मी तिथंच होते, सगळं केलं हे मी सांगू शकते.

नाही परत आली.

बाहेर ब्लड बँकेच्या कॉरिडॉरमध्ये जवान उभे होते. बातमी पसरली होती, ग्रुप जुळो न जुळो, ज्याला कळलं तो बाही वर करून आला होता. शीख, मराठे, तमिळ, डोग्रा, कुणी लंगडत, कुणी हाताला सलाईनची सुई तशीच. वॉर्डातला तो लान्स नाईक सगळ्यांत पुढं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते माझं काम होतं.

मी म्हटलं, "थँक यू. आता नको."

कुणी हललं नाही. मग मी पुन्हा म्हटलं. तेव्हा लान्स नाईकनं बाही खाली घेतली, बटण लावलं, आणि सावधानमध्ये उभा राहिला. मागोमाग सगळे.

तिला युनिफॉर्म मी घातला. इस्त्रीचा होता. तारे नीट बसवले. छातीवर नावाची पट्टी लावली.

चौकशी झाली. नर्सिंग होमनं लिहून दिलं की पेशंटची ओळख पटली नव्हती आणि नियमाप्रमाणे पोलिसांची वाट बघत होते. नियम होताही तसा काहीतरी, अपघाताच्या केसला पोलीस आधी. पण सतपालही त्याच अपघातातला होता ना? त्याच्यासाठी कुणी पोलिसांची वाट बघितली नाही. हे मी चौकशीत सांगितलं. लिहून घेतलं त्यांनी. पुढं काही झालं नाही.

तिच्या बरोबर घरापर्यंत मी गेले. सिलचरपर्यंत विमान, पुढं फौजी गाडी, मग डोंगर आणि डोंगर. लाला सगळी वाट माझ्या शेजारी बसून होता. त्यांच्या गावात माणूस गेलं की घरच्यांना एकटं ठेवत नाहीत. अख्खी आळी त्या घरात येऊन बसते, गाणी म्हणते, तरुण पोरं कबर खणतात, शेजारी कित्येक दिवस तिथंच झोपायला येतात. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. वडील, रिटायर्ड हवालदार, कोटावर मेडल लावून दारात उभे होते. मला सॅल्यूट केला त्यांनी. मी मेजर होते ना. तो सॅल्यूट घेताना माझा हात कसा वर गेला, मला ठाऊक नाही.

रेमीच्या आईला हिंदी येत नव्हती. लाला मधे बसून सांगत होता. तिनं पहिलं विचारलं, "तिच्याजवळ कोण होतं?"

मी सतपालचं सांगितलं. त्याच्या हातावर तिनं बांधलेला कपडा, त्याचं भांडण, त्याचं येणं. आईनं त्याचं नाव दोनदा म्हणवून घेतलं. आणि तिथं बसलेल्या सगळ्यांनी डोकं खाली घालून सतपालसाठी प्रार्थना केली. हरयाणातल्या रिक्षावाल्यासाठी, मिझो भाषेत.

मग आईनं दुसरं विचारलं. "रेमी हिंदी चांगली बोलायची ना? लहानपणी रेडिओवर ऐकून शिकली होती. आम्ही हसायचो तिला. त्यांच्याशी ती हिंदीत बोलली का?"

"हो. हिंदीतच बोलली."

लालानं सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग एकच शब्द म्हणाली, आणि तो लालानं सांगायच्या आधीच मला कळला.

"मग?"

 

पुढं थांडीचा फोन आला, सिव्हिल नंबरावर. तिला कुणाकडून तरी कळलं होतं. मी सगळं सांगितलं.   मग तिनं विचारलं, "हे कुठल्या कायद्यानं झालं?"

मी म्हटलं, "कायदा नाही. असा काही कायदा नाही आमच्याकडे."

"पाटी होती का?"

"पाटी नव्हती."

"मग तुम्ही रद्द काय करणार, सुमन? उपटणार काय?"

टोमणा नव्हता तो. रडत होती ती. नंतर म्हणाली, आमच्या पाट्या उतरल्या, ॲम्ब्युलन्स आता सगळ्यांची, पण माझी मुलगी अजून त्याच वस्तीत राहते, गोऱ्यांच्या भागात गेली तर दुकानातला माणूस तिच्या मागं मागं फिरतो. पाटी उतरवायला एक दिवस लागतो, सुमन, बाकीच्याला किती लागतो ते मला माहीत नाही. पण निदान आम्हाला हे ठाऊक आहे की आमच्याकडे ते होतं. आम्ही नाही म्हणत नाही.

तर ईरा, तुझ्या भाषणात देशांची तुलना करायची तर जरूर कर. कुणाचे कायदे किती वाईट होते, कुणी कधी बदलले, सगळं लिही. अमेरिकेचं लिही, ब्रिटनचं लिही. पण एकदा गेटबाहेर जाऊन बघ. तुमच्या सोसायटीत आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांना फ्लॅट देतात का, विचार. देत नसतील तर का नाही, तेही विचार. महामारी आली तेव्हा ईशान्येच्या पोरींना किराण्याच्या रांगेत काय म्हणून हाका मारल्या, ते आठव. तू तेव्हा इथंच होतीस. बदल झालाच नाही असं मी म्हणत नाही. आता तक्रार करता येते, पोलिसांत तिकडची मुलंमुली आहेत, टीव्हीवर दिसतात. अपघातातल्या माणसाला आधी बघायचं, असंही आता सांगतात. तेव्हा हे असतं तर, असा विचार मी करत नाही. नोकरीत असताना ती सवय लावून घेतली होती, पेशंट गेल्यावर 'तर' म्हणायचं नाही. रेमीच्या बाबतीत ती सवय कधीच नीट लागली नाही.

लाला गावी राहिला नाही, गुडगावला परतला. सतपालनं आपल्या घराशेजारी त्याला खोली बघून दिली, तिथंच राहिला, लग्न केलं, आता हॉटेलात मॅनेजर आहे. त्याची मुलगी मोई इथं दिल्लीत कॉलेजात शिकते. आत्यासारखीच ठेंगणी. हिंदी हरयाणवी ढंगाची बोलते, सतपालच्या नातवंडांत वाढलेली ना. परवा मेट्रोत तिला कुणीतरी विचारलं, कहाँ की हो? तर म्हणाली, "गुड़गाँव की हूँ जी, थारे को के दिक्कत?"

रेमी गेली त्या तारखेला दर वर्षी आम्ही सगळे माझ्याकडे जमतो. लाला, त्याची बायको, मोई. धिल्लन चंदीगडहून येतो, आता त्याची दाढी पांढरी झाली आहे. सतपाल येतो, त्याला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, पोरं धरून आणतात. मी पिठलं-भात करते, मोई डुकराचं मटण आणि बांबूचे कोंब घेऊन येते, आणि आजूबाजूला वास जातो. जाऊ दे. कॅप्टन रेमपुईचं नाव घेऊन आम्ही आधी दोन मिनिटं उभं राहतो, सतपालसुद्धा, खुर्चीचा हात धरून.

यंदा रविवार येतोय. मोई तुझ्याहून जराशीच लहान आहे आणि तुम्ही दोघी एकाच शहरात वाढून एकमेकींना ओळखत नाही. ये बाळा. भाषण झाल्यावर नको, भाषणाच्या आधी ये. सकाळीच ये, चटया घालायला मला हात लागतो.